भिंतीवरच्या घड्याळातली पाच मिनिटे

मी, संघमित्रा भिवा येलवे, वय अठ्ठावन्नास तीन दिवस कमी, व्यवसाय मुख्याध्यापिका, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना माझ्याच हाताने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम चार वाचून कोणाला शंका आलीच, तर त्याने आधी तो दाखला पाहावा.

१. वडिलांच्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेली एकविसाव्या मजल्यावरची सदनिका आणि माझी बँकेतली शिल्लक पुतणी अक्षता हिला द्यावी. तिचा बाप, माझा भाऊ राजरत्न, याला काही नाही. शीव ते परळ अंतर ते किती! तरी आई गेली तेव्हा हा गृहस्थ पाऊण तास उशिरा पोचला. तो राग मी आजवर सांभाळला. आता तो इथेच टाकून जाते, कारण उशिराबद्दल बोलायचा अधिकार मला उरलेला नाही. अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने व्हावा. भाषणे झालीच तर त्यांना घड्याळ लावू नये.

२. 'मुख्याध्यापकांचा दिवस' या माझ्या पुस्तिकेच्या उरलेल्या सर्व प्रती रद्दीत घालाव्यात. दिवसाचे पाव पाव तासाचे तुकडे कसे पाडायचे, हे मी दादरच्या सभागृहांतून नऊ वर्षे मुख्याध्यापकांना शिकवले. हिंदमात्याजवळच्या शाळेतल्या एका बाईंनी ते वेळापत्रक स्वतःच्या नावावर खपवले म्हणून मी चार वर्षे त्यांच्याशी बोलले नाही. आता ते त्यांनाच लखलाभ होवो. मात्र पान अकरावरचे 'दार उघडे ठेवले की दिवस गळून जातो' हे वाक्य कोणीही पुन्हा छापू नये.

३. कार्यालयातले भिंतीवरचे घड्याळ मी पदरमोड करून घेतले होते, म्हणून ते देण्याचा हक्क माझा. ते मी पाच मिनिटे पुढे ठेवत असे, म्हणजे शिक्षक वेळेवर येतील. शिक्षक कसले वस्ताद! सगळे मनातल्या मनात पाच मिनिटे वजा करत. वजा न करणाऱ्या एकच होत्या, आमच्या शिपाई कौसल्या शिवा परब. त्या घड्याळात पाहून त्यांनी बारा वर्षे शाळेची घंटा वाजवली. मी स्वतः मनगटावरचे घड्याळ पाळत असे.

४. हे कलम कौसल्याबाईंची मुलगी अपेक्षा हिच्यासाठी आहे.

माझ्या शाळेत मला भेटायचे तर चिठ्ठी टाकावी लागे. वर कारण लिहायचे, खाली किती मिनिटे हवीत ते. मी खालचा आकडा आधी पाहायची आणि वेळ नेमून द्यायची. कौसल्याबाईंनी सोमवारी चिठ्ठी टाकली. पाच मिनिटे. मी गुरुवार, अकरा चाळीस दिले. कारण वाचलेच नाही.

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी भिंतीवर अकरा चाळीस झाले आणि त्यांनी दार वाजवले.

"बाई, येव?"

माझ्या मनगटावर अकरा पस्तीस होते. मी म्हटले, "अजून पाच मिनिटं आहेत. बाहेर बाकावर बसा."

"बरा, बसतंय," त्या म्हणाल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला, बाक करकरले. मी आत त्या पुस्तिकेचे पान अकरा लिहीत होते. बरोबर अकरा चाळीसला मी हाक मारली. ओ आली नाही म्हणून उठून दार उघडले. त्या बाकावर बसल्या जागी गेल्या होत्या. मुठीत बामची उघडी डबी होती.

संध्याकाळी मी चिठ्ठी काढून वाचली. 'छातीत दुखता. हॉस्पिटलात जावचा आसा. अर्धो दिस सुट्टी व्हयी.'

अपेक्षा, मी तुला सांगितले की तुझी आई माझ्यासमोर खुर्चीत बसून, माझ्याशी बोलता बोलता गेली. ते खोटे आहे. ती बाहेर एकटी होती आणि दार मी बंद ठेवले होते. ती चिठ्ठी तुझी आहे, माझ्या त्या वर्षाच्या डायरीत ठेवली आहे. मला क्षमा कर, असे म्हणायचीही मला लाज वाटते.

भूतखेतांवर माझा विश्वास नाही. भिवा येलव्यांच्या घरात ती शिकवण नव्हती. जे घडते तेवढेच लिहिते. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे घड्याळ बरोबर लावले. दर गुरुवारी सकाळी ते पाच मिनिटे पुढे असते. लालबागच्या घड्याळजीने तीनदा उघडून पाहिले. त्याच्या मते यंत्रात दोष नाही. त्यात अकरा चाळीस झाले की बाहेर जुडगा वाजतो. बाक मी अडगळीत टाकले, तरी ते दाराबाहेरच करकरते. बामचा वास दाराच्या फटीतून आत येतो. मग आवाज येतो, "बाई, येव?" सात वर्षांत मी एकदाही उत्तर दिलेले नाही. टेबलाची कड धरून पाच मिनिटे बसून राहते.

५. रविवारी मी निवृत्त होते. माझ्या जागी दर्शनाबाई येतील. घड्याळ त्यांना द्यावे, पण ती पाच मिनिटे त्यांच्या वाट्याला येऊ नयेत. ती माझी आहेत. म्हणून आज सकाळी बाक पुन्हा दाराबाहेर ठेवायला लावले आहे. दोन महिने माझ्याही छातीत दुखते, ते मी कोणाला सांगितलेले नाही. आता सही करते आणि दार उघडते.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून आमचा लिपिक वरद याला माझे पेन द्यायचे राहून गेले. त्याने राग मानू नये.

सही: संघमित्रा भिवा येलवे
स्थळ: मुख्याध्यापक कार्यालय, परळ
दिनांक: गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५. वेळ: भिंतीवर अकरा एकोणचाळीस.

बाईंनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली.
१. वरद साटम, लिपिक
२. नलू गुरव, ग्रंथपाल

साक्षीदार क्र. १ यांची नोंद: सही झाल्यावर बाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून या कागदावर ठेवले आणि स्वतः दार उघडले. बाहेर आम्हाला कोणी दिसले नाही. बाई म्हणाल्या, "या कौसल्याबाई, आत बसा. सावकाश सांगा." मग हा कागद आमच्याकडे देऊन आम्हा दोघांना बाहेर पाठवले आणि वेळ झाली तरी हाक मारू नका म्हणाल्या. आम्ही बाकावर बसलो आहोत. वीस मिनिटे होऊन गेली. आत दोन बायका बोलत आहेत.