जांभळाची कलमं

बुधवार, फाल्गुन वद्य तृतीया

आज संध्याकाळी देगलूरचा बागवाला कलमं बघायला आला. आमच्या बांधावरच्या जांभळाचं फळ मोठं, बी बारीक. त्याला सगळी बाग त्याच झाडाची हवी. बी लावून तसं फळ येत नाही, कलमच बांधावं लागतं. आणि बांधणार हे. थंडीत लकवा मारल्यापासून ह्यांचा उजवा हात थरथरतो, हे त्याला कोण सांगणार?

ह्यांनी पिशव्यांतल्या रोपांवर बांधलेल्या सगळ्या काड्या काळ्या पडल्यात. मला ते बांधतानाच कळलं होतं. खालचं रोप मीच धरलं होतं. चाकू तिरका गेला, रोप आणि काडी यांच्यात फट राहिली. ह्यांनी वरून पट्टी गुंडाळली आणि विचारलं, "बसली ना?"

"हाव, बसली," मी म्हणाले. फट दिसत असून म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बागवाला म्हणाला, "काका, दुसरीकडून रोपं आणू का?"

"ऊन लई हाय, म्हणून वाळली. उद्या पुन्हा बांधतो," हे म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

तो गेल्यावर मी हळूच म्हणाले, "तुम्ही सांगा, मी कापून बघू का?" हे चाकू उचलून बाहेर गेले.

आता अंगणात बसून कडुनिंबाच्या काड्या कापून राहिलेत, हात बसावा म्हणून. एकही काप सरळ येईना. मी दिसले तर लाजतील, म्हणून आतच बसले आहे.