समोरच्या काचेचा फर्मा कोणाकडे जावा

या लेखात मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. पहिली, गॅरेजमधील मोटार माझी आहे, घराण्याची नव्हे. दुसरी, तिच्या समोरच्या काचेचा फर्मा, म्हणजे मापाचा लाकडी साचा, तिची काच बसवणाऱ्या काचमिस्त्रींकडेच गेला पाहिजे.

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी काल दिला. त्यावरील तारीख चुकली होती, ती मी तिथेच दाखवून दिली. त्यामुळे त्यांची खात्री अधिकच पटली असावी. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र ग्राह्य धरू नये. नावे व पत्ते जोडपत्रात आहेत.

१. राहते घर मुलास द्यावे. गॅरेज पाडून तिथे खोली काढण्याचा त्याचा विचार मला ठाऊक आहे. मोटार उभी आहे तोवर तो विचार त्याने मनातच ठेवावा.

२. बँकेतील ठेवी मुलगा व सून यांना समसमान. त्यावरून भांडू नये. भांडायचेच असेल तर मुद्देसूद भांडावे. एवढे तरी या घरात राहून दोघे शिकले असतील.

३. मोटार सुनेस द्यावी. ही मोटार इंग्लंडात हाताने बांधलेली, दोन आसनांची, बिनछपराची आहे. अशा जेमतेम दीडशे निघाल्या आणि निम्म्याहून अधिक भंगारात गेल्या. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने तिची समोरची काच फुटली, तेव्हा माझे यजमान आजारी होते. "आता हिचं तूच बघ, माझ्याच्यानं नाही व्हायचं," असे म्हणून त्यांनी बक्षीसपत्र करून मोटार माझ्या नावे केली. ते बक्षीसपत्र कपाटातील निळ्या फाइलीत आहे. माझे दीर त्याला "आजारपणातला कागद" म्हणतात. त्यांनी फाइल उघडून नोंदणीचा शिक्का पाहावा.

कागद बाजूला ठेवला तरी माझा हक्क उरतोच. त्या काळी दीर मला म्हणाले होते, "वहिनी, काच ओळखीने मिळते, तर्काने नाही. विकून मोकळ्या व्हा." मी मोकळी झाले नाही. एका विक्रेत्याने त्याच नावाच्या चार दारी मोटारीची काच पाठवली. दुसऱ्याने कळवले, की काचेसाठी आख्खी दुसरी मोटारच घ्या. कारखान्याचा मूळ आराखडा मिळवला, तर त्यावरून कापलेला पुठ्ठा चौकटीत बसेना. मी जुनी छायाचित्रे मागवून दारांच्या बिजागऱ्या ताडून पाहिल्या आणि दाखवून दिले, की एक्केचाळिसाव्या मोटारीपासून चौकट रुंद केली होती आणि आराखडा मात्र कोणी बदलला नव्हता. हे त्या मोटारींच्या मालकमंडळालाही माहीत नव्हते. त्यांनी ते माझ्या पत्रावरून आपल्या पुस्तिकेत छापले.

म्हणून प्रत्यक्ष मोटारीवरून फर्मा करणे भाग होते. बसगाड्यांच्या वक्र काचा करणाऱ्या कारखान्याचा फोरमन म्हणाला, "बाई, एका काचेसाठी भट्टी पेटवत नाही आम्ही."

"किती काचांसाठी पेटवता?"

"निदान सहा. आधी एक नमुना करीन. बसला, तर पुढचं बोलू."

मी पत्रे लिहून पाच मालक जमवले. आज माझ्या फर्म्यावरच्या एकोणीस काचा रस्त्यावर आहेत आणि एकही परत आलेली नाही. हे मी अभिमानाने लिहिते, कारण ते खरे आहे.

मोटारीसाठी मी सुनेला निवडले, ते ती मोटार चालवते म्हणून नव्हे, तर मोजण्याआधी विचार करते म्हणून.

४. मापाची सर्व हत्यारे सुनेस. व्हर्नियर कॅलिपर मुलाने हाताळू नये. त्याने एकदा त्या कॅलिपरने अक्रोड फोडला आहे.

५. दिरांना मोटारीवर घालायचे ताडपत्रीचे आच्छादन द्यावे. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी उचलून पाहिले नाही. आता सवडीने पाहता येईल.

६. समोरच्या काचेचा लाकडी फर्मा व तो वापरण्याचा संपूर्ण हक्क काचमिस्त्रींना द्यावा. त्या एकोणीसपैकी अकरा काचा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवल्या आहेत. कोपऱ्यात रबर किती सैल सोडायचे, हे फर्म्यात लिहिलेले नाही. ते त्यांच्या बोटांत आहे.

७. यावर दीर हरकत घेतील, हे मला दिसते आहे. "वहिनी, ज्यानं नमुन्याची काच फोडली त्यालाच फर्मा? मंडळाला पत्र तुम्हीच लिहिलं होतंत ना?" हरकत रास्त आहे. तिचे उत्तर शेवटी, स्वतंत्र सही करून दिले आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळ.
सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार, माझ्यादेखत व एकमेकांदेखत: १. कुटुंबाचे डॉक्टर. २. शेजारच्या शिंपीणबाई.

कबुली

नमुन्याची काच काचमिस्त्रींनी फोडली नाही. मी फोडली.

पहिल्या फर्म्याचे माप मी घेतले तेव्हा मोटारीची चाके काढलेली होती आणि ती जॅकवर उभी होती. बिनछपराची मोटार उचलली की तिचा सांगाडा किंचित वाकतो आणि काचेची चौकट सरकते. काच बसवायच्या दिवशी मोटार चाकांवर होती.

"बाई, उजवा कोपरा ऐकत नाहीये. दाबली तर जाईल," काचमिस्त्री म्हणाले.

"माप मी घेतलंय. बसवा."

"तुम्ही म्हणताय म्हणून बसवतो."

काच तडकली. त्यांचा हात जड आहे, असे मी त्याच दिवशी मंडळाला कळवले. पुढे दोन वर्षे मंडळातल्या कोणीही त्यांना काम दिले नाही.

नवे माप घेताना सून म्हणाली, "आई, गाडी खाली घेऊन मोजू या का?" चार मिलिमीटरचा फरक निघाला. मला तत्काळ सर्व कळले. "काय झालं, आई?" तिने विचारले. "काही नाही, आकडा लिही," मी म्हणाले. काचमिस्त्रींना मी पुन्हा बोलावले, ते आले, आणि त्या पत्राचा विषय आजवर त्यांनीही काढला नाही, मीही नाही. याला अकरा वर्षे झाली.

ते पत्र मी मागे घेत आहे. या कबुलीची प्रत मंडळाच्या प्रत्येक सभासदास आजच्या टपालाने जात आहे. त्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या दुकान उघडताच मी स्वतः जाऊन ती काचमिस्त्रींना वाचून दाखवीन. ते काय म्हणतील, याचे अनुमान मला करता येत नाही.

सही: तीच.