हिरकणीचा डावा पाय

मंगळवार, १२ ऑगस्ट

हिरकणी ब्रेकडाउन! सकाळी पाणी दाखवायला गेलो तर पुढचा डावा पाय उचलून उभी. टेकवतच नाही. काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, गवतासाठी पत्र्यावर लाथा मारत होती.

खांदा भरला असणार. मोहरीचं तेल गरम केलं, लसूण टाकला, अर्धा तास चोळला. बाईसाहेब डोळे मिटून उभ्या. सुख वाटलं असावं. मलाही वाटलं. रिटायर झाल्यापासून कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

लक्ष्मम्मा दारातून म्हणाली, "घोडीचा खांदा चोळून राहिलात, माझे गुडघे चोळलात का कधी?" मी तेलाची वाटी उचलून आत नेली.

बुधवार, १३ ऑगस्ट

पाय तसाच. पुन्हा तेल.

शेजारचा सिद्धराम आला. त्याच्या बापाने म्हणे पंचवीस बैलांचे खांदे बरे केलेले. "डाग द्या अप्पा. इळा लाल करायचा अन् खांद्यावर दोन चरके. उद्या पळतीय बघा." मी म्हटलं, आधी तुझी कंबर दुखते तिथे देऊ, मग घोडीला. तो हसला, पण चहा न घेता गेला.

जेवताना लक्ष्मम्मा म्हणाली, "मंजूला कळवा की. तिची घोडी हाय."

घास तसाच ठेवून उठलो. पोट भरलं नव्हतं.

लिहायचं तर खरं लिहावं. घोडी मंजूचीच, आमच्या लेकीची. बारा वर्षांची असताना शाळा सुटली की निलंगा एसटी स्टँडवर माझ्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये येऊन बसायची. मी माईकवर 'हिरकणी' बस पुकारली की तिला हसू यायचं. शिंगरू आणलं तेव्हा त्याचं नावही तेच ठेवलं. आता शिंगरू सतरा वर्षांचं आणि मंजू नांदेडला. दोन वर्षं चार महिने झाले, आमचं बोलणं नाही. आनंदराजशी रजिस्टर लग्न केलं आणि मग फोनवर सांगितलं. मी ड्यूटीवर होतो. त्या दिवशी औरादची गाडी लातूरची म्हणून पुकारली. चौतीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच चूक!

तो बौद्ध, आपण लिंगायत, यावर गाव चार दिवस बोललं. माझं दुखणं ते नव्हतं. नव्हतंच असं लिहिलं तर खोटं होईल, थोडं होतं. पण जास्त हे, की मला विचारलं नाही. आता रुसून बसलोय आणि उठायचं कसं ते कळत नाही. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडायचो, पण एक फोन लावता येत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर आल्या. डॉ. विशाखा. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, स्कूटीवर. मी मनात म्हटलं, ही काय बघणार! तिनं खांद्याला हातसुद्धा लावला नाही. खाली बसली, खुरावर तळवा ठेवला, खुराच्या वर मागच्या बाजूला दोन बोटं दाबली.

"काका, इथं हात लावा."

लावला. नाडी ठणठण उडत होती, खूर तव्यासारखा तापलेला.

"खुरात पू झालाय. तेल किती दिवस चोळलं?"

दोन दिवस, असं हळूच सांगितलं.

"काही बिघडलं नाही. खांदा मऊ झाला असेल," असं म्हणाली आणि हसली. लक्ष्मम्मा तर पदर तोंडाला लावून आत पळाली.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. वाकड्या सुरीने तळ थोडा खरवडला, पण पू सापडेना. म्हणाली, खोल आहे, आपोआप वर येईल. दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, मग गव्हाच्या कोंड्याचं गरम पोटीस, आणि त्यावर लहान बाळाचा डायपर! वरून चिकटपट्टी. चिखल लागू द्यायचा नाही. "मीडियम आणा काका, खुराला तोच बसतो."

साठाव्या वर्षी डायपर आणायला गेलो. मेडिकलवाला संगमेश्वर मंजूच्या वर्गातला. पुडकं हातात देताना डोळे मोठे करून म्हणाला, "काका! पेढे कधी?" मला नसत्या चौकशा आवडत नाहीत. पैसे ठेवून निघालो. ही चौकशी नव्हती, अभिनंदन होतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. असू दे, उद्या सांगू.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंड्याला गेलो नाही. हिरकणी आडवी झालीय. कडबा तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि मान वळवली.

सिद्धराम कुंपणावरून म्हणाला, "वय झालं अप्पा तिचं. मनाची तयारी ठेवा."

पाण्याची बादली, पोटीस, डायपर. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. खिशातून फोन काढला, मंजूचा नंबर काढला, पाहिला, ठेवला. ही गेली तर पोरीला काय सांगू? आणि नाही सांगितलं तर कोणत्या तोंडाने राहू?

भीती वाटते आहे. दुसरं काही लिहिता येत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

फुटला!! सकाळी डायपर सोडला तर काळा-करडा पू, असा वास की सिद्धराम त्याच्या अंगणातून नाक धरून आत गेला. डॉक्टरीणबाई लगेच आल्या, भोक मोठं केलं, औषधाने धुतलं. आतून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. नखाएवढं! एवढ्याशा टोकासाठी एवढं जनावर आडवं.

धुऊन होईपर्यंत हिरकणीने पाय टेकवला. मग माझ्या सदऱ्याची बाही चावायला सुरुवात केली. म्हणजे भूक लागली. चावू दिली, सदरा जुनाच होता.

डॉक्टरीणबाईंना चहा दिला. म्हणाल्या, "काका, ठणका लागला की जनावर दुखरी जागा लपवतं. आपण भलतीकडेच चोळत बसतो." मी म्हटलं, हं.

रविवार, १७ ऑगस्ट

समोरच्या नागुबाई लक्ष्मम्माकडे डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू! "मंजू आली म्हणं बाळंतपणाला? डायपर घेऊन गेले म्हणं मन्मथअप्पा." ते मन्मथअप्पा म्हणजे मीच! हसत सुटलो. हाताला धरून गोठ्यात नेलं, म्हटलं, हे बघा आमचं बाळ, एक पाय डायपरात, तीन बाहेर! नागुबाई पोट धरून हसल्या. लाडू मात्र परत नेले नाहीत. दोन मी खाल्ले, एक हिरकणीला.

लक्ष्मम्मा हसली नाही. चुलीपाशी काहीतरी घासत राहिली, स्वच्छ असलेलं पातेलंच. तब्येत बरी नसावी.

सोमवार, १८ ऑगस्ट

उपास. हिरकणीचा नाही. दोन पेंढ्या कडबा फस्त.

बुधवार, २० ऑगस्ट

आमचं भांडण. खुराला बांधायला मऊ फडकं मागितलं तर लक्ष्मम्माने गोणपाटासारखी जुनी चादर दिली. ट्रंकेत तिच्या आईच्या सहा-सात मऊ सुती साड्या आहेत. घडी घालून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेल्या. म्हटलं, यातली एक फाड. "हात लावायचा न्हाई!" अशी ओरडली की हिरकणीने कान टवकारले. म्हटलं, कुणासाठी ठेवल्यात एवढ्या? "हाय कुणासाठी तरी."

चादर बांधली. चालली.

दिवस मात्र चांगले चालले आहेत. सकाळी पाय बुडवायचा, बादलीशेजारी पाट टाकून वीस मिनिटं बसायचं. स्टँडवर वीस मिनिटांत सात गाड्या सोडायचो. इथे काही सुटत नाही, काही यायचं नाही, तरी बरं वाटतं. मध्ये ती माझ्या डोक्यावर हनुवटी ठेवते. जड असते. काढत नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. गल्लीतून बैल निघाले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. मंजू असताना पोळ्याला हिरकणीलाही सजवायची. बैलांच्या सणात घोडी कशाला, म्हणून सिद्धराम दरवर्षी कुरकुरायचा. आज सकाळी तोच गोंडा घेऊन आला. "बांधा तिला. वाचली की." बांधला. अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पाय सरळ पडतोय. लंगडत नाही!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता डायपर नको, कोरडं ठेवा झालं. अर्धं पुडकं उरलंय. कोनाड्यात ठेवलं. बरी झाल्याचं तरी मंजूला कळवायला हवं होतं. दुखणं कळवलं नाही, आता बरं झाल्याचं कसं कळवू?

रविवार, २४ ऑगस्ट

दुपारी फोन वाजला. मंजू.

"अप्पा." मग एका दमात, "अप्पा, संगमेश्वर माल घ्यायला नांदेडला आला होता, आत्ताच भेटला. म्हणाला तुम्ही स्वतः दुकानात जाऊन डायपर नेले. आईने सांगितलं ना शेवटी तुम्हाला? मी तिला नको म्हटलं होतं. सातवा लागलाय अप्पा. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण मला वाटलं तुम्ही दारातही... आणि तुम्ही डायपर आणून ठेवले!" मग नुसतं रडणं.

मी लक्ष्मम्माकडे पाहिलं. ती ट्रंकेला टेकून उभी होती, डोळे पुसत. मग कोनाड्याकडे पाहिलं.

म्हटलं, "आणले. पण साईज चुकली. मीडियम आणले, आधी लहान लागतात ना?"

"हो अप्पा."

"बरं. बदलून घेतो. तू बॅग भर. आनंदराजांना म्हणावं, दोन दिवस सुट्टी काढून तुम्हीही या. घोडी वाट बघतीय."

नांदेडची पहिली गाडी सहा-चाळीसला, तिसरा फलाट. उद्या मी पुकारणार नाही, बसणार आहे.