डॉक्टरांसाठी रोज सातला

२ एप्रिल
निश्चय. लॉकडाउनमध्ये नुसती कपाटं आवरत बसायचं नाही. जगाला या दिवसांत कशाची गरज आहे? संगीताची. उद्यापासून रोज संध्याकाळी सातला ऑनलाइन गाणार. फुकट. लेकीला फोनवर सांगितलं. तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आई, रोज?" रोज, म्हटलं. लोकांचं भलं करायचं तर हात आखडता कशाला?

सातच का, हे तिने विचारलं नाही. मीही बोलले नाही. हे होते तेव्हा सातला कुलपात किल्ली फिरायची. अजूनही सात वाजले की घर उगाच मोठं होतं.

३ एप्रिल
पहिली मैफल. प्रेक्षक अकरा! (इमारतीच्या ग्रुपवर चारदा लिंक टाकली होती.) शाळेतल्या प्रार्थना म्हटल्या, मग अंगाई. शाळेच्या कॉयरमध्ये मी शेवटच्या रांगेत असायचे. सिस्टर सांगायच्या, "यू जस्ट मूव्ह युअर लिप्स, चाइल्ड." बाकीच्या मुलींना न्यूनगंड येऊ नये म्हणून. फार विचारी बाई. हेसुद्धा मी गायला लागले की उठून खिडक्या लावायचे. माझ्या आवाजाला कुणाची नजर लागू नये, असं असणार. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

७ एप्रिल
प्रेक्षक पाच. लोकांना कामं असतात. नणंदेचा फोन: "काय सांगू वहिनी, बरोबर सातला आमचं नेटच जातं." बिचारी. सव्वासातला तिने मांजराचे फोटो पाठवले, म्हणजे तोवर आलं असावं. मग आठला गाऊ का, विचारलं. "नको, नको! आठला तर वीजच जाते." कसल्या भागात राहते कोण जाणे.

११ एप्रिल
प्रेक्षक तीन. दोष रियाजाचा. उद्यापासून पहाटे उठून रियाज. निश्चय.

१२ एप्रिल
साडेआठला जाग आली. झोप गळ्याला चांगली असते.

१५ एप्रिल
प्रेक्षक एक. समोरच्या फ्लॅटमधले दाताचे डॉक्टर. निवृत्त, ऐंशीच्या घरातले, एकटे. मुलगा लांबच्या शहरात. बाकीचे कॅमेरा बंद करून बसायचे, यांचा चालू असतो. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले. ह्याला म्हणतात मॅनर्स. त्यांच्या एकटेपणाने माझं आतडं तुटलं. ठरवलं, जग गेलं खड्ड्यात, आता फक्त डॉक्टरांसाठी गायचं.

१९ एप्रिल
डॉक्टरांची समज काही औरच. मी वरच्या पट्टीत गेले की चष्मा सारखा करून स्क्रीनला नाक लावतात. कपाळाला आठ्या. केवढी तल्लीनता! गाण्याच्या मध्येच पाणी प्यायला थांबले, तर टाळ्या वाजवल्या. शांततेलाही दाद देणारा श्रोता! असा माणूस समोरच राहत होता आणि आम्ही इतकी वर्षं लिफ्टमध्ये नुसतं "उकडतंय नाही?" म्हणत होतो.

लेकीला सांगितलं. "बरं झालं गं आई," म्हणाली. आवाज जरा ओला वाटला. एक कडवं म्हणून दाखवते म्हटलं, तर तिच्या दारावरची बेल वाजली. मला नाही ऐकू आली.

२४ एप्रिल
सूप जास्त झालं होतं. (मुद्दाम केलं नव्हतं. भोपळाच मोठा होता.) मास्क लावून डॉक्टरांकडे गेले. बेल वाजवून बोट दुखलं, शेवटी दार बडवलं. उघडलं तशी विचारलं, कालचं शेवटचं गाणं कसं वाटलं?

डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "बाई, काही उपयोग नाही! कानाच्या यंत्राचे सेल संपलेत. लॉकडाउन लागला त्याच आठवड्यात. एरवी तोंडाकडे पाहून थोडं कळतं, पण तुमचा मास्क!"

मी फोनवर टाइप करून दाखवलं: मग रोज सातला काय करता?

"तुम्ही इतक्या अगत्याने बोलावता. न येणं बरं दिसत नाही. शिवाय घरात कुणी माणूस दिसतं." मग थोडं पुढे वाकून, "आणि ती डावीकडची वरची दाढ दाखवून घ्या. वरच्या सुराला तोंड छान उघडतं तुमचं. कीड खोल गेलीय."

सुपाचा वाडगा त्यांच्या हातात कोंबला आणि घरात आले.

२५ एप्रिल
शांतपणे विचार केला. यात माझ्या गाण्याचा काय दोष? उलट, ऐकू येत नसताना माणूस रोज बसतो, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर भाव किती असतील!

लेक पोट धरून हसली. मग एकदम म्हणाली, "आई, अगं, मग त्यांना मुलाचा फोनही ऐकू येत नसेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२६ एप्रिल
सेल आणून द्यायला हवेत. कोपऱ्यावरचा केमिस्ट उघडा असतो. पण ऊन फार.

२७ एप्रिल
ऊन कमी. पण गुडघा.

२८ एप्रिल
गुडघा ठीक. खरं लिहू? कोण वाचतंय म्हणा. कानात सेल बसले आणि डॉक्टरही गेले, तर सातला मी काय करू?

संध्याकाळी गाताना त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर फोन लुकलुकताना दिसला. मुलगाच असणार. मी गाता गाता तिकडे बोट दाखवलं. दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, अभिनय. जोरात टाळ्या वाजवल्या. फोन विझला.

२९ एप्रिल
सकाळीच केमिस्टच्या रांगेत. त्याने विचारलं, "आजी, कुठल्या साइजचे?" माहीत नव्हतं. परत आले, डॉक्टरांच्या यंत्राचा फोटो काढला, पुन्हा रांग. केमिस्ट म्हणाला, "यंत्र तुमचंच का?" मला उत्तम ऐकू येतं, म्हटलं. "मग ओरडता कशाला, आजी?"

पाकीट डॉक्टरांना दिलं. संध्याकाळी त्यांचा आवाज दारापर्यंत येत होता. "अरे बोल ना! येतंय ऐकू! हळू बोललास तरी चालेल!" मग हसणं. मग बराच वेळ नुसतंच "हं... हं..."

सात वाजले. डॉक्टर आले नाहीत, मुलाशी बोलत होते. मी रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिले. मग कपाटं आवरली.

३० एप्रिल, पावणेआठ
डॉक्टर आले! यंत्र कानात. म्हणाले, "आज पहिल्यांदा ऐकतो बरं का." माझं सर्वांत चांगलं गाणं काढलं. पहिलं कडवं डोळे मिटून म्हटलं. उघडले तर डॉक्टर खुर्चीचे हात घट्ट धरून ताठ बसले होते. दवाखान्यात त्यांच्याच खुर्चीत पेशंट बसायचे तसे. दुसऱ्या कडव्याच्या वरच्या सुराला त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. यंत्र काढलं. डबीत ठेवलं. झाकण लावलं.

मी थांबले. आता जाणार, वाटलं.

गेले नाहीत. खुर्ची पुढे ओढली, हनुवटी तळहातावर टेकली आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, चालू द्या.

दोन कडवी राहिली होती. दोन्ही म्हटली.