न बोलायची सोय

बाबा, संगणक तुम्ही एकदाच पाहिला होतात, परभणीच्या एका कचेरीत, कापडाखाली झाकलेला. घरी येऊन आईला सांगितलं होतंत की साहेबसुद्धा त्याच्या खोलीत चपला काढून जातो. तुम्ही आम्हाला सोडून गेलात तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. पुढं तिचा वेगळा जिल्हा झाला, स्टेशनच्या रस्त्याला चपला घालून बसायची संगणक केंद्रं निघाली, आणि तुमची लेक त्यातल्याच एका केंद्रात शिक्षकांना शिकवायला लागली. तुम्ही हसला असतात. मास्तरची पोरगी मास्तरांनाच शिकवते, आणि काय शिकवते, तर वर्गात जातीबद्दल बोलायचं कसं.

काम पुण्याच्या एका संस्थेचं होतं. सगळा अभ्यासक्रम इंटरनेटवर. पडद्यावर शाळेतला एक प्रसंग यायचा, त्याखाली प्रश्न, आणि त्याखाली चर्चेची जागा, जिथं प्रत्येकानं आपला अनुभव टाइप करायचा. हे प्रसंग रचायचे, प्रश्न मांडायचे, चर्चेचे नियम ठरवायचे, ते काम माझं. कुणाच्या जिव्हारी लागू नये म्हणून एकेक शब्द मी तांदूळ निवडावेत तसा निवडला. आडनाव दिसलं की जात कळते, म्हणून आडनावंच काढून टाकली. प्रत्येकानं एकेका झाडाचं नाव घ्यायचं आणि त्या नावानं लिहायचं. मला वाटलं, काय डोकं चालवलंय! पण सगळे शनिवारी त्याच केंद्रात येऊन बसायचे, आणि वीज गेली की बाहेर चहाला जायचे. पळस कोण आणि बाभूळ कोण हे कळायला एक चहा पुरला. पुढच्या शनिवारी कडुनिंबाला सगळे आडनावानंच हाका मारत होते. चर्चेत मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘आमच्या शाळेत असा प्रकार नाही’, हेच वाक्य वेगवेगळ्या झाडांनी लिहिलेलं. एका तरवडाची जागा तेवढी कोरी राहिली. तरवड म्हणजे कळमनुरीकडच्या एका खेड्यातला तरुण शिक्षणसेवक, आपल्यातलाच.

ती कोरी जागा पाहिली की मला तुमचा वर्ग आठवायचा. नर्सीजवळच्या त्या गावात तुम्ही बदलीवर आलेले, मी चौथीत, तुमच्यासमोरच बसलेली. सप्ताह संपला की गावजेवण व्हायचं. बाकीचे मास्तर पंगतीला जायचे आणि आपल्या घरी शिधा यायचा: गव्हाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गूळ, वर तेलाची बाटली. आणणारा दारातून मोठ्या अदबीनं म्हणायचा, “गुरुजी, तुमी गर्दीत कशाला तकलीफ घेता, घरीच करून खा.” मला तो जास्तीचा मान वाटायचा. एकदा वर्गात मी फुशारकी मारली, “तुमाला पंगतीत वाढतेत तेवढंच मिळतं, आमच्याकडं घरपोच येतं!” सगळा वर्ग हसतो. मागून एक पोरगं ओरडतं, “अगं, तुमाला पंगतीत बसवतंय कोण? म्हनून शिधा देतेत!” मी उभी राहते. तुम्ही फळ्यावर भागाकार मांडताय, पाठ आमच्याकडं. मी विचारते, “बाबा, व्हय का?” शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं असतं, तेही मी विसरते. तुम्ही वळत नाही. खडू थांबतो, एवढंच. मग तुम्ही म्हणता, “खाली बस.”

संध्याकाळी आई त्याच डाळीचं पुरण वाटत होती. मी तुमच्या मागं लागले, काहून सांगितलं न्हाई, काहून खाली बसवलं. तुम्ही म्हणालात, “त्याच पोरांपुढं उद्या उभं राहायचंय मला, माय.” आणि आईला म्हणालात, डाळ चांगली शिजली. मी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली नाही. तुम्हीही मला आग्रह केला नाहीत. पुढं तुमचं दुखणं, तुमचं जाणं, सगळं झालं, पण तो विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही. मी अजून रागावलेली आहे बाबा, खोटं कशाला बोलू.

अभ्यासक्रम मी या रागातूनच बांधला होता. इथं कुणीही कुणाला खाली बस म्हणू शकणार नाही, बोलणाऱ्याला मध्ये तोडता येणार नाही, प्रत्येकाचं लिहिलेलं सगळ्यांना दिसेल. फक्त सक्ती करायला मन धजलं नाही म्हणून एक बटण ठेवलं होतं: ‘मला आत्ता बोलायचं नाही.’ संस्थेच्या पुण्याच्या मॅडमनी ते काढायला लावलं. त्या म्हणाल्या, सगळेच ते दाबून मोकळे होतील. त्यांचंही बरोबर होतं. कडुनिंब तर पहिल्याच दिवशी दाबून चहाला गेला असता. म्हणून चर्चेत लिहिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, असा नियम झाला.

तरवडाला मी फोन केला. तो मधल्याच एका दिवशी मला एसटी स्टँडवर भेटला, गावाकडच्या गाडीला वेळ होता. तोंड वर न करता बोलत होता. “मॅडम, पहिलीच्या लेकराला अक्षर कसं शिकवतेत? हात धरून गिरवूनच ना? मी धरला. तर त्या पोराचा बाप शाळेत आला. चांगला बोलला, चिडून न्हाई. म्हनला, गुरुजी, लांबून शिकवा, फळ्यावर. हात काहून धरता?” मी विचारलं, मग? “मग काय. आता लांबून शिकवून राहिलो. बाकीच्यांना येतं, त्या लेकराला ‘अ’ आजून जमंना. पाटी घेऊन माझ्याकडं पळत येतं, आन् मी मागं सरकतो.” तो बाप शाळेच्या कमिटीत होता. शिक्षणसेवकाची मुदत संपत आलेली, कायम व्हायच्या फायलीत हे प्रमाणपत्र लावा असं वरच्यांनी सांगितलेलं. मी म्हटलं, गावाचं नाव न घालता लिहा. तो पहिल्यांदा माझ्याकडं पाहून हसला. “तरवड कोन, हे केंद्रातल्या समद्या मास्तरांना ठावं हाय. त्यातले दोघं त्याच बापाचे पाव्हणे. खरं लिहिलं तर तिथं राहता येत न्हाई. खोटं लिहिलं तर माझ्याच वर्गातल्या लेकरांना काय तोंड दाखवू? तुमीच सांगा मॅडम, काय लिहू?” गाडी लागली. तो चढून बसला.

पुण्याला फोन करून मी गयावया केली, या एकाला सूट द्या. मॅडम फार चांगल्या होत्या, त्यांचा आवाज भरून आला होता. म्हणाल्या, “अगं, त्यांचाच आवाज तर आपल्याला हवाय. तेच गप्प बसले तर या सगळ्याला अर्थ काय?” यावर काय बोलायचं असतं, बाबा? मी हो म्हटलं. आपल्यासाठी तळमळणाऱ्या माणसापुढं आपली जीभ जास्तच जड होते, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या शनिवारी तो आला, कोपऱ्यातल्या संगणकावर बसला, एका बोटानं टाइप करत राहिला. मी मुद्दाम तिकडं गेले नाही. संध्याकाळी उघडून पाहिलं: ‘आमच्या शाळेत कोणताही भेदभाव नाही. सर्व विद्यार्थी गुण्यागोविंदाने राहतात. मी प्रत्येक विद्यार्थ्याला अक्षर स्वतः हात धरून शिकवतो.’ खाली पळसानं लिहिलं होतं, अतिशय सुंदर विचार, सर. बाभळीनं लिहिलं होतं, आपल्यासारख्या शिक्षकांची समाजाला गरज आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याहून निरोप आला, शेवटी बोलले ना ते, हे पुढच्या तुकडीला नमुना म्हणून दाखवू या. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. प्रमाणपत्र न्यायला आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “आता पुन्हा विचारनार न्हाईत ना?” मी नाही म्हटलं. त्या लेकराला ‘अ’ जमला का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. विचारलं नाही.

यालाही आता बरीच वर्षं झाली. तो अभ्यासक्रम बंद पडला, केंद्राच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. हे मी आईला वाचून दाखवणार नाही. ती म्हणेल, आता काहून उकरून राहिलीस. तुम्हाला पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवू, म्हणून इथंच राहील. एक मात्र तुमच्याजवळ कबूल करते. त्या शनिवारी मी पडदा उघडला तो त्या तरवडासाठी नव्हता, त्याच्या त्या लेकरासाठी तर नव्हताच. तो परका मास्तर जे लिहील, ते मला तुम्ही सांगितलं असं समजून वाचायचं होतं.