तीन नंबरचा चौथा लॉट

३ फेब्रु., सोम.
कापड रंगवायच्या तीन नंबरच्या जेट मशीनमधून मरून रंग पुन्हा गडद आला. रेसिपी माझीच, रंगही मीच तोललेला. गेल्या वर्षी याच मशीनवरचा सुखलाल गेला तेव्हा असंच झालं होतं: ओळीने तीन लॉट गडद, चौथ्याला वाफेने झाकण उडालं. आपल्या गावाकडच्या लोकांत माणूस गेला की दहाव्यापर्यंत त्याची मशीन बंद ठेवायची रीत. इथे तिसऱ्या दिवशीच सुरू केली. नाना, आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, म्हणतात सुखलाल अजून तिथेच आहे. मी म्हटलं, पाणी जड असेल.

५ फेब्रु.
पाणी ठीक. रंगाचा डबा बदलला, तरी दुसरा लॉटही गडद. मग म्हटलं, वाफ जास्त झाली असेल. दरवेळी नवं कारण, तेही लॉट निघाल्यावर. धुळ्याला कॉलेजात सर सांगायचे, काय घडलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल ते आधी लिहून द्या. इथे आधी बोलतात ते नाना. "तिसरा बी गडदच येई. मी पहिले सांगस, पोरी. तू मांगथून सांगस." राग आला. खरं बोलले म्हणून जास्तच.

६ फेब्रु.
तिसरा गडद. नाना म्हणतात, आता चौथ्याला झाकण उडणार.
फिटरने झाकण, व्हॉल्व्ह, सगळं पाहिलं. दोष नाही म्हणे. बरं वाटायला हवं होतं...
उद्या चौथ्यावर शरदची ड्यूटी. नवऱ्याला भूत सांगायचं तरी कसं? सांगितलं. हसला. "तूच म्हनस ना, पुरावा दाखाड." पुरावा म्हणजे तोच, उद्या तिथे उभा. नानांना खोटं पाडायचं तर कुणीतरी झाकण उघडायलाच हवं. योगायोग आहे, असं स्वतःला चारदा बजावलं. भीती जात नाही.

७ फेब्रु., दुपार
लॅबमध्ये. खाली चौथा लॉट चालू, दोनला झाकण उघडणार. साडेबाराला शरदला फोन केला: पोरीला ताप आहे, भेस्तानला घरी जा. साफ खोटं. धावत गेला बिचारा.
नानांना विचारलं, आता मशीन बंद ना?
"बंद कसाले करतीन? तेनी जागावर दुसरा माणूस उना."
ओडिशाचा कुणीतरी, कालच लागलेला. नाव मी विचारलं नाही.
झाकण नीट उघडलं तर नाना खोटे, मी वेडी. तसंच होऊ दे.
एक पन्नास. काचेतून त्याची पाठ दिसतेय. खाली जायला दोन मिनिटं लागतात. मी अजून बसलेय.