शुक्रवारची फुली

मंगळवार, ६ ऑगस्ट १९९६

शाळा शुक्रवारी बंद ठेवणार म्हणे! एका शुक्रवारी नव्हे, दर शुक्रवारी! पूर नाही, साथ नाही, कुणी मोठं माणूस गेलेलं नाही — नुसतीच बंद! लेकीच्या, ऋग्वेदाच्या दप्तरात तळाशी चुरगळलेली चिठ्ठी सापडली, केळं फासलेली. 'चार दिवसांच्या आठवड्याविषयी पालकांचं मत हवं आहे.' चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेच लिहिलं होतं.

हे काय गं? — तर बाईसाहेब म्हणतात, "ओह, दॅट. फोर डेज. स्वीट ॲज, आई!"

स्वीट ॲज! दहा वर्षांची पोर, शाळा बुडणार म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवलेत. मी सहावीत असताना गोवर आला होता, तेवढीच काय ती माझी गैरहजेरी. तेव्हासुद्धा भाऊंनी मास्तरांकडून अभ्यास आणून उशाशी ठेवला होता. आणि इथे शाळाच पालकांना विचारते, आम्ही कमी शिकवलं तर चालेल का? म्हणजे डॉक्टरनेच विचारायचं, अर्धाच ताप उतरवू का!

नवऱ्याला, जगदीशला फोन लावला. तो लांब शहरात, पेनरोजच्या गोदामात, शिफ्टवर. मिरजेचा एम.डी. माणूस खोकी मोजतोय आणि इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. आम्ही दोघी या परदेशातल्या दरीत, टौरंगा शहरापासून पाऊण तासावर, गायी आणि किवीफळांच्या मांडवांमध्ये. हे सगळं कशासाठी? हिच्या शिक्षणासाठीच ना?

बुधवार, ७ ऑगस्ट

सकाळी मुद्दाम शाळेत गेले. मुख्याध्यापिका नायरी शिडीवर! गमबूट घालून पन्हाळीतला पाला काढत होती. "कीआ ओरा, विनया! खालून जरा शिडी धर ना." मी भांडायला गेले होते, शिडी धरून उभी राहिले.

वरूनच तिने सगळं सांगितलं. मुलं चव्वेचाळीस, शिक्षकांच्या जागा दोन, एक तिची. दुसरी जागा एप्रिलपासून रिकामी. तीनदा जाहिरात दिली, एवढ्या आत कुणी यायला तयार नाही. आता टौरंगाची एक चांगली शिक्षिका तयार आहे, पण चारच दिवस. मग रोज शाळा तासभर जास्त आणि शुक्रवारी बंद. आधी एक सत्र करून बघायचं. "नाहीतर सगळी मुलं माझ्या एकटीच्या गळ्यात, विनया. मी चार महिने ओढलं. आता ओढवत नाही."

हसत म्हणाली, पण उतरताना शिडीला धरून जरा थांबली.

ठरवणार कोण? तर पालक! सरकार नाही, शिक्षणाधिकारी नाही. पालकांतून निवडलेलं मंडळ शाळा चालवतं. अध्यक्ष ब्रूस, किवीफळांची बाग आहे त्याची, नखांत कायम ग्रीस. आमच्याकडे पालकाने फाटकाबाहेर उभं राहायचं आणि प्रगतिपुस्तकावर सही करायची. इथे तो मुख्याध्यापिकेला हुकूम सोडतो! वरची परवानगी ब्रूस आणणार, पण आधी मत. घरटी एक.

गुरुवार, ८ ऑगस्ट

माझ्या मालकाला, ग्रेअमला औषधाच्या दुकानात विचारलं, शुक्रवारऐवजी शनिवार चालेल का? तो औषधाच्या बाटलीवर लेबल चिकटवत होता. वर न बघता म्हणाला, "शुक्रवार नाही, तर मग काही नाही, विनया."

त्याचंही खरं आहे. शुक्रवारी वृद्धाश्रमाच्या आठवड्याच्या गोळ्या भरायच्या असतात — पासष्ट म्हाताऱ्यांचे ट्रे, सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे. तेच काम त्याच्या देखरेखीखाली करून दाखवायचंय मला. वर्षभर ते केलं की मी इथली फार्मासिस्ट. सांगलीत अकरा वर्षं दुकान सांभाळलं ते इथे शून्य! सात महिने झालेत, पाच राहिलेत. शुक्रवार गेला तर ग्रेअम दुसरी मुलगी घेणार. तसं तोंडावर सांगितलंन. निदान आडपडदा नाही.

आणि ऋग्वेदाला घरी एकटी ठेवता येत नाही, कायदाच आहे. ओळखीची एकच सुलेखाताई, ती टौरंगाच्या हॉस्पिटलात नर्स, तिच्याच पाळ्यांचा पत्ता नसतो. शेजार म्हणजे तीनशे गायी.

रविवार, ११ ऑगस्ट

जगदीश येऊन गेला. डोळे खोल गेलेत. म्हणतो, "सभेत फार बोलू नकोस. आपण इथे नवीन."

मी काय शिवीगाळ करणार आहे? शाळा उघडी ठेवा म्हणणार आहे!

बुधवार, १४ ऑगस्ट

बोलले! सगळ्यांसमोर उभी राहून बोलले. शाळेच्या एकुलत्या मोठ्या खोलीत, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे पालक गुडघे हनुवटीला लावून बसलेले. मी म्हटलं, माझ्या देशात मुली दोन-दोन मैल चालत शाळेला जातात आणि तुम्ही दारात येणारी बस परत पाठवताय! शिक्षक मिळत नाही तर शिक्षक शोधा, दिवस कसला कापता? माझ्या नोकरीचंही सांगितलं. लपवायचं काय त्यात?

एक बाई म्हणाली, तिच्या मुलाला बसमध्ये रोज दीड तास जातो, एक दिवस वाचला तर बिचारा झोपेल तरी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरा म्हणाला, शुक्रवारी पोरं बागेत कामाला येतील. त्यावर मी जे बघितलं त्याच्याकडे!

शेवटी टाळ्या वाजल्या. ब्रूस म्हणाला, "गुड ऑन या, विनया." हे लोक विरोधात असले तरी असंच म्हणतात, काही कळत नाही.

नायरी कोपऱ्यात चहाचे कप विसळत होती.

सोमवार, १९ ऑगस्ट

मत दिलं. चार दिवसांच्या चौकटीवर भली मोठी फुली मारली, कागद फाटेपर्यंत! घडी घातली, ऋग्वेदाच्या दप्तरात कोंबली. बस हॉर्न मारत होती.

बुधवार, २१ ऑगस्ट

हरलो. चौदा विरुद्ध तेरा! एका मताने!

पुढच्या सत्रापासून शुक्रवार बंद. ग्रेअमला अजून सांगितलं नाही. दिवसभर हात चालत होते, डोकं नाही. एका म्हातारबुवांना 'जेवणाआधी' ऐवजी 'जेवणानंतर' सांगणार होते, जेमतेम सावरलं. कोण असेल तो एक? तो बागवाला? की ती झोपाळू मुलाची आई? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखत होते. एवढं बोलले, टाळ्या घेतल्या — आणि एका मताने!

गुरुवार, २२ ऑगस्ट

देवा! तो एक म्हणजे मीच!

मताच्या चिठ्ठ्या दप्तरात चुकून दोन आल्या होत्या. कोरी फ्रिजवर लावून ठेवली होती, पाठीमागे वाणसामानाची यादी करायला. आज यादी करून उलटी केली आणि पहिल्यांदा नीट वाचली. वर एकच ओळ, बारीक अक्षरात: 'तुम्हाला जो पर्याय हवा असेल, त्यापुढे फुली करा.'

हवा असेल त्यापुढे! फुली! अरे, हव्या असलेल्या गोष्टीवर फुली कोण मारतं? बरोबरला बरोबरची खूण, चुकीला फुली — बालवाडीपासून तेच. गणित चुकलं, फुली. माणूस मनातून उतरला, त्याच्या नावावर फुली. दुकानातसुद्धा जे औषध द्यायचं नाही त्यावर मी फुलीच मारते. टीव्हीवर रोज ओरडतायत, निवडणूक आली, दोन टिक करा, दोन टिक करा! मग या ब्रूसलाच फुली कुठून सुचली?

पण त्याने वर लिहिलं होतं. मी वाचलं नाही. गिऱ्हाइकांना दिवसातून वीसदा ऐकवते, 'प्लीज रीड द लेबल.' आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!

माझं मत पाचात धरलं तर तेरा विरुद्ध चौदा. शाळा उघडी. माझा शुक्रवार शाबूत.

शनिवार, २४ ऑगस्ट

जगदीश फोनवर आधी हसला — पोट धरून! मग म्हणाला, "सांगून टाक. तुझीच नोकरी वाचतेय." पुन्हा जरा वेळाने, "पण लोक म्हणतील, हरली म्हणून आता गोष्टी रचते."

तेच तर! खरं सांगायचं तरी स्वार्थ दिसणार. नाही सांगितलं तर पाच महिन्यांवर आलेलं सगळं पाण्यात, आणि तेही माझ्याच हाताने. आज दोनदा ब्रूसचा नंबर फिरवला, दोनदा ठेवून दिला. आणि नायरीचं काय? ती शिडीला धरून थांबली होती ते सारखं डोळ्यांपुढे येतं.

तरी खोटं मत ते खोटंच. परवा मंडळाची बैठक आहे, तिथेच सांगते. ऋग्वेदाला नको. आई सूचना न वाचता पेपर सोडवते हे तिला कशाला कळायला हवं!

सोमवार, २६ ऑगस्ट

सांगितलं. हात दाखवून अवलक्षण!

पाच जणांचं मंडळ, टेबलावर बिस्किटं. मी उभी राहून फुलीची सगळी कथा सांगितली — आमच्याकडे फुली म्हणजे नको, मी चारवर फुली मारली म्हणजे मला चार नको होते. कान तापले माझे. ब्रूस डोकं खाजवायला लागला. चिठ्ठ्या तपासाव्यात म्हटलं तर त्याने मोजून झाल्यावर शेगडीत टाकल्या, गुप्त मतदान म्हणून! एक जण म्हणाला, "झालं ते झालं. आता कुणीही येऊन सांगेल, माझंही उलटं होतं." बरोबरच होतं त्याचं. मी पर्स उचलली.

तेवढ्यात नायरी म्हणाली, "विनयाला काय हवं होतं ते या दरीत गायींनासुद्धा माहीत आहे. तिचं मत पाचालाच धरायला हवं. फेअर्स फेअर."

ती म्हणाली! जिला चार दिवस हवेत ती!

मग मंडळाने हात वर करून माझं मत पाचाकडे फिरवलं. तेरा-चौदा. शाळा पाच दिवस. ब्रूसने वहीत लिहून घेतलं. मला रडू येत होतं, आनंदाने की लाजेने कोण जाणे. बाहेर नायरीचा हात धरला, तर म्हणते, "जा घरी, लेक वाट बघत असेल."

मंगळवार, २७ ऑगस्ट

ग्रेअमला म्हटलं, शुक्रवार पक्का. "चूज डे" म्हणाला आणि शुक्रवारचे पासष्ट रिकामे ट्रे पुसायला पुढे सरकवले. चूज डे म्हणजे दिवस निवड, आणि इथल्या उच्चारात आजचा ट्यूज डेही तोच! त्याचा विनोद मला कळायला अर्धा तास लागला. आज सगळ्यालाच हसू येतंय.

बुधवार, २८ ऑगस्ट

नायरी शाळा सोडतेय.

टौरंगाच्या शिक्षिकेने पाच दिवस म्हटल्यावर लगेच नकार कळवला. नायरीने आज ब्रूसला पत्र दिलं — सत्र संपलं की ती रोटोरुआला, बहिणीकडे. सोळा वर्षं होती इथे. दुकानात आली, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, तिनेच सांगितलं. मी काहीबाही बोलायला लागले तर म्हणाली, "तू खरं बोललीस, विनया. त्यात तुझा काय दोष?"

खरं बोलले, एवढाच आता आधार. नाहीतर तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

ऋग्वेदा शाळेतून रडतच आली, नायरी जाणार म्हणून. किती झालं तरी तिला कुणाकडून तरी कळणारच, मग मीच जवळ घेऊन सगळं सांगितलं. माझी फुली कशी चुकली, मंडळापुढे कशी कबूल केली.

ती रडायची थांबली. "बट आई, आय फिक्स्ड इट." बसमध्येच हिने माझी चिठ्ठी उघडून वाचली होती. मैत्रिणीकडून पांढरी शाई घेऊन चारवरची फुली झाकली आणि पाचवर नवी मारली. हिला स्वतःला चार हवे होते तरी. "बिकॉज यू वॉन्टेड फाइव्ह."

म्हणजे माझं मत पाचालाच पडलं होतं. चौदा-तेरा बरोबर होतं, चार दिवसच जिंकले होते.

उद्या शुक्रवार. शाळा आहे.